बोधिवृक्षाच्या पानाचा गंडा करू नका!



पौष पौर्णिमा आली की नांदेड जिल्ह्यात आपल्या लोकांची पावलं अर्धापूर तालुक्यातल्या दाभडकडे वळतात. बावरीनगरच्या महाविहारात धम्म परिषद भरते. लोक चटया आणि शाली घेऊन कडाक्याच्या थंडीत धम्मदेसना ऐकत बसतात.

याच दिवसांत मोबाइलवर मात्र दुसरीच पौर्णिमा फिरत असते. बोधिवृक्षाचं पान तांब्याभर पाण्यात घाला, रात्रभर चांदण्यात ठेवा, सकाळी अनशापोटी प्या, म्हणजे हिवाळ्यातला खोकला, दमा, अंगदुखी आणि मनाचा थकवा सगळं जाईल. खाली निळा झेंडा आणि 'नमो बुद्धाय'.

गेल्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका मावशींनी हे पाणी सुरू केलं आणि दम्याचा पंप बंद केला. 'पंपाची सवय लागते, झाडाची लागत नाही,' असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. आठव्या दिवशी रात्री दोनला त्यांना रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात न्यावं लागलं. त्या वाचल्या. पण 'एवढंसं पाणी पिण्यात नुकसान काय?' असं विचारणाऱ्यांनी त्या रात्री रिक्षात बसायला हवं होतं. नुकसान पाण्याने होत नाही. पाण्यावर भरवसा ठेवून माणूस जे सोडून देतो, त्याने होतं.

दुसरा युक्तिवाद असा की, झाडपाल्यात औषध असतंच ना? असतं. बुद्धकाळातला वैद्य जीवक आठवा. तक्षशिलेत शिक्षण पूर्ण होताना गुरूने त्याला सांगितलं, शहराभोवती एक योजन फिर आणि औषधी नाही अशी वनस्पती घेऊन ये. जीवक रिकाम्या हाताने परतला. त्याला अशी एकही सापडली नाही आणि तो परीक्षेत पास झाला. प्रत्येक झाडाचा उपयोग पाहून, तपासून शिकायचा, हा त्या कथेचा अर्थ आहे. त्यात ना चंद्र आहे, ना मंत्र.

आपल्याकडे काय चालतं? कोजागरीला दम्याचं औषध म्हणून खिरीतून पूड देतात. कुठे ती पिंपळाच्या सालीची असते, कुठे मुळीचं नावच सांगत नाहीत. विचारलं तर उत्तर ठरलेलं: 'नाव सांगितलं की गुण जातो.' बांधवांनो, हे वाक्य ओळखीचं वाटत नाही का? ज्ञान उघड केलं की बाटतं, ते मोजक्यांच्याच हाती राहिलं पाहिजे, हे आपल्या पूर्वजांना हजारो वर्षं ऐकवलं गेलं. नाव सांगितल्यावर ज्या औषधाचा गुण जातो, ते औषध नाही. ती मक्तेदारी आहे. उद्या ती आपल्या विहारात, आपल्याच माणसाच्या हातात आली, तरी तिची जात बदलत नाही.

तिसरा युक्तिवाद: 'बाकीचे काय कमी करतात? आमच्याच लोकांच्या मागे का लागता?' कारण या जादूची किंमत शेवटी आपल्याच माणसांना चुकवावी लागते. नांदेड-लातूरला भानामती नवी नाही. एखाद्या घरातली बाई घुमू लागते, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात, जेवणात माती सापडते, आणि मग गाव 'करणाऱ्याचा' शोध घेतो. बोट कुणाकडे जातं? एकट्या म्हातारीकडे, मांगवाड्याकडे, बौद्धवाड्याकडे. वाड्यातल्या मालकाने करणी केली असं कुणी म्हणत नाही.

म्हणून नीट विचार करा. पौर्णिमा, पान आणि मंत्र यांनी माणूस बरा होतो असं तुम्ही मान्य केलंत, तर अमावास्या, लिंबू आणि मंत्र यांनी माणूस मरतो हेही तुम्ही मान्य केलंत. चांगली जादू आणि वाईट जादू यांचं मूळ एकच. ज्या समजुतीवर तुमची आजी चेटकीण ठरते, त्याच समजुतीला तुम्ही विहारात बसून पाणी घालताय. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा मिळाला. कुणाला करणी करणारा ठरवून छळणं त्या कायद्याने गुन्हा आहे. हा कायदा आपल्या आजीचं संरक्षण आहे. त्याच्या मुळावर आपणच घाव घालायचा?

चंद्राच्या कृपेचं म्हणाल, तर लातूरकरांनी तरी ते बोलू नये. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते. पौर्णिमेचा दिवस उजाडायचा होता, आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी हादरली. हजारो माणसं गेली. चंद्राने त्यांना वाचवलं नाही आणि मारलंही नाही. दगडमातीच्या जाडजूड भिंती अंगावर कोसळल्या, म्हणून माणसं मेली.

मग पौर्णिमेला बौद्धांनी करायचं काय? याचं उत्तर विनयपिटकातल्या महावग्गात आहे. बिंबिसार राजाच्या सूचनेवरून बुद्धांनी भिक्खूंना ठराविक तिथींना एकत्र जमायला सांगितलं. भिक्खू जमले आणि गप्प बसून राहिले. धम्म ऐकायला आलेल्या लोकांनी नावं ठेवली: हे मुक्या डुकरांसारखे काय बसलेत? तेव्हा बुद्धांनी सांगितलं, जमल्यावर धम्म बोला. म्हणजे पौर्णिमा ही जमायची आणि बोलायची तारीख आहे. तिच्या उजेडात कसलीही शक्ती नाही. दीघनिकायातल्या ब्रह्मजालसुत्तात तर मंत्रतंत्र आणि ग्रह-नक्षत्रांच्या भाकितांवर पोट भरण्याला तिरच्छानविज्जा, हीन विद्या म्हटलं आहे. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात दैवी चमत्कारांवरची श्रद्धा धम्म नसल्याचं स्वतंत्रपणे मांडलं आहे. परित्राणाचा दोरा मनाला आधार म्हणून कुणी बांधला तर मी भांडणार नाही. तो तापावर बांधला तर भांडेन.

मी आनंदाच्या विरोधात नाही. येळवशीला रानात जाऊन आंबील प्यावी, भज्जी खावी. पण त्या दिवशी रानात लक्ष्मीसाठी कडब्याची कोप उभी राहते, आणि त्याच थंडीत आपली बाई कारखान्याच्या फडावर कोपीत सहा-सहा महिने काढते. पहाटेच्या गारठ्यात उठते, डोक्यावर मोळी वाहते, पाळी असो की ताप, खाडा झाला तर पैसे कापले जातात. तिला कुणी सांगावं की पान भिजवून पाणी पी, मनाला शांती मिळेल? तिचा थकवा चंद्राने आलेला नाही, म्हणून तो चंद्राने जाणारही नाही.

तिला हवं आहे रक्त तपासून घेणं, लोहाच्या गोळ्या, पोटभर जेवण, अंगावर गोधडी आणि पगारी सुट्टी. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. हिवाळ्यात स्वतःची काळजी घ्यायची ती अशी.

तेव्हा येत्या पौष पौर्णिमेला प्रत्येक विहार समितीने एवढं करावं. वंदना झाली की आरोग्यसेविकेला बोलवा. रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन तपासा. पंप कसा ओढायचा ते दम्याच्या रुग्णांना दाखवा. ऊसतोडीला गेलेल्या घरांची यादी करून तिथली म्हातारी आणि लेकरं कुणाच्या भरवशावर आहेत ते पाहा. आणि बोधिवृक्षाची पानं झाडावरच राहू द्या. त्या झाडाखाली एका माणसाने विचार केला होता. पान उकळून तो विचार पोटात जात नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!