मुधोळच्या मुलांना कोणती कविता शिकवावी?

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे नांदेडपासून तोडून आदिलाबादेस जोडली गेली. २०१६ पासून ती निर्मल जिल्ह्यात आहेत. २०१८ च्या कायद्याने तेलंगणातील शाळांत तेलुगू सक्तीची झाली. राज्याची भाषा मुलांस यावी, यात वावगे काही नाही. मात्र मराठीचा जो तास हाती उरेल, त्यातील कविता पारखूनच घेतली पाहिजे.

आमची कसोटी एकच: कवितेतील जग मुलाच्या पायाखालचे आहे काय? भाषाभिमानाची गीते सभेत शोभतात (आम्ही ती पुष्कळ म्हटली आहेत!), पण त्यांनी भाषा येत नाही. त्यापेक्षा बहिणाबाई चौधरी घ्या. अक्षरओळख नसलेल्या या शेतकरी बाईची गाणी १९५२ साली ग्रंथरूपाने आली, तीही खानदेशच्या बोलीत. ज्या मुलाची तेलुगू-उर्दूमिश्रित मराठी अशुद्ध म्हणून हिणवली जाते, त्याला बोलीचे सामर्थ्य येथे कळेल. जनाबाई घ्या, तिच्या गंगाखेडची गोदावरीच पुढे बासरला येते, आणि दळणकांडण मुलांच्या आजीला ठाऊक आहे. मर्ढेकर थोर खरे, पण ते महाविद्यालयासाठी राहू द्यावेत.

आणि गुरुजी, 'भावार्थ लिहा' हा प्रश्न कृपया दूर ठेवा! अभंग दोनदा मोठ्याने वाचावा, शेजारी वेमनाचे एखादे तेलुगू पद्य ठेवावे, आणि आजीकडून एक ओवी वहीत उतरवून आणावयास सांगावे.