मॉनिटर बदलण्याआधी हे तपासा

पालकहो, घरात कॉलेजला जाणारे मूल असेल तर हा हट्ट कधी ना कधी कानावर येतोच : "आपला मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे, गेम अडकतो, १४४चा घ्या." मग एक तर वडील ओरडतात, नाहीतर हप्त्यावर नवा मॉनिटर येतो. दोन्हींच्या आधी हे हर्ट्झ म्हणजे काय, ते समजून घेऊ.

पडद्यावर खरे तर काहीच हलत नाही. स्थिर चित्रे एकामागून एक झपाट्याने दाखवली की डोळ्यांना हालचाल भासते. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला, तो याच तत्त्वावर. मूकपटांचा कॅमेरा हाताने फिरवीत. सेकंदाला साधारण १६ ते २० चित्रे निघत. बोलपट आले तेव्हा हे माप २४ ठरले. पण सेकंदाला २४ वेळाच उजेड पडला तर पडदा लुकलुकतो. म्हणून प्रोजेक्टर प्रत्येक चित्र दोनदा दाखवी. चित्रे २४, उजेडाचे झोत ४८.

कॉम्प्युटरमध्येही अशीच दोन मापे आहेत. ग्राफिक्स कार्ड सेकंदाला जितकी चित्रे तयार करते तो फ्रेम रेट. मॉनिटर सेकंदाला जितक्या वेळा पडदा नव्याने रंगवतो तो रिफ्रेश रेट. तो हर्ट्झमध्ये मोजतात. कार्ड ४०च चित्रे बनवत असेल, तर १४४चा मॉनिटर तीच चित्रे पुन्हा पुन्हा दाखवणार. स्वयंपाक चाळीस माणसांचा आणि पाने मांडली १४४, अशातला प्रकार!

दुसरी गोष्ट, आकडा मोठा असून भागत नाही. समजा, घाटकोपरला तासाला १५ लोकल आहेत. दर चार मिनिटांनी एक आली तर कोणाची तक्रार नाही. पण तीन एकदम आल्या आणि पुढे बारा मिनिटे एकही नाही, तर गाड्या तेवढ्याच असूनही फलाटावर गर्दी उसळते. गेमचेही तसेच. सरासरी ६० दिसते, पण मधेच एक चित्र रखडते आणि हाताला झटका जाणवतो. सिनेमा आपण नुसता पाहतो. गेममध्ये माऊस हलवला की पडद्याने लगेच उत्तर द्यावे लागते. म्हणून मूल "अडकते" म्हणते, ते खोटे नसते.

कधी चित्र मधूनच फाटल्यासारखे दिसते. मॉनिटर वरून खाली रंगवत असताना कार्ड नवे चित्र पुढे करते, त्यामुळे वर जुने आणि खाली नवे. व्ही-सिंक चालू केल्यास कार्ड मॉनिटरसाठी थांबते. २०१३ साली एनव्हिडियाने जी-सिंक जाहीर केले, नंतर एएमडीचे फ्रीसिंक आले. त्यात उलट, मॉनिटरच कार्डासाठी थांबतो.

आता बिनपैशाच्या तपासण्या. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डालाच जोडलेली आहे ना, मदरबोर्डला नाही ना, ते पाहा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट तपासा. १४४चा मॉनिटरही तिथे ६०वर राहिलेला असू शकतो. कॉम्प्युटर बंद करून पंख्यांवरची धूळ काढा. तापलेले कार्ड मंदावते. गेममधल्या सावल्या कमी करा आणि फ्रेमची मर्यादा ६०वर बांधा. मग फ्रेमचा आकडा पडद्यावर लावून अर्धा तास पाहा.

मर्यादा काढल्यावर आकडा ६०च्या बराच वर टिकत असेल, तरच वेगवान मॉनिटरचा उपयोग. खाली घसरत असेल, तर दोष मॉनिटरचा नाही. हे लिहून घ्या आणि मगच मुलाला किंवा मुलीला बरोबर घेऊन ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठा. दुकानदार हर्ट्झ सांगेल. आपण फ्रेम विचारा. घामाचा पैसा आहे, तो बरोबर जागी लागला पाहिजे.