मृत्युपत्रांतील मुक्ति

अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन हे ता. १४ डिसेंबर १७९९ रोजीं निवर्तले. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत त्यांनीं स्वहस्तें मृत्युपत्र लिहून ठेविलें होतें. स्वातंत्र्ययुद्धाचा हा सेनापति वयाच्या अकराव्या वर्षापासून गुलामांचा धनी होता. माउंट व्हर्नन येथील त्यांच्या मळ्यांवर त्या सालीं ३१७ गुलाम राबत होते.

धन्याच्या मनांत आलें कीं गुलाम मोकळा, असा प्रकार व्हर्जिनियांत नव्हता. १७२३ च्या कायद्यान्वयें गव्हर्नर व त्याचें मंडळ यांची अनुज्ञा लागे, आणि तीही कांहीं विशेष सेवेबद्दलच मिळे. १७८२ सालीं मृत्युपत्रानें अथवा लेखानें मुक्ति देण्याची मोकळीक झाली. दासाच्या खांद्यावरील घट फोडून, मस्तकीं अक्षता-पुष्पांसह जल शिंपडून ‘अदास’ असें त्रिवार म्हणावें, असा विधि नारदस्मृतींत आहे. व्हर्जिनियांत घट नव्हता. दोन साक्षीदार व कचेरीचें दप्तर होतें.

पण खरी अडचण पुढेंच आहे. ३१७ पैकीं वॉशिंग्टनच्या स्वतःच्या मालकीचे १२३ च. १५३ जण पत्नी मार्था हिच्या पहिल्या पतीच्या इस्टेटींतले. त्यांवर तिचा हक्क हयातीपुरता, पश्चात् ते तिच्या नातवंडांचे. त्यांस मुक्त करण्याचा अधिकार पतीस नव्हता, तसा तिलाही नव्हता. उरलेले बहुतेक भाड्याचे. दोहों बाजूंच्या माणसांत लग्नें झालेलीं. आणि मूल कायद्यानें आईच्या धन्याचें!

युद्धांत सदैव धन्याजवळ राहिलेल्या विल्यम ली यास तत्काळ मुक्ति व सालीना ३० डॉलर मिळाले. इतरांस मार्थाच्या मृत्यूनंतर. वृद्धांस अन्नवस्त्र द्यावें, निराधार मुलांस २५ व्या वर्षापर्यंत सांभाळून लिहावयास-वाचावयास व एखादा धंदा शिकवावा, असेंही कलम होतें. जन्मभर मुलांस अक्षरें गिरवावयास लावणाऱ्या मजसारख्यास हेंच कलम सर्वांत मोलाचें वाटतें.

मात्र एका बाईच्या मरणावर शंभराहून अधिक जणांचें स्वातंत्र्य टांगून ठेवणें, ही योजना विलक्षणच म्हणावयाची. ह्या स्थितींत मार्थाबाईंस आपल्या जिवाची शाश्वती वाटत नाहीं, असें अध्यक्ष अ‍ॅडम्स यांच्या पत्नी अबिगेल यांनीं भेटीनंतर पत्रांत लिहिलें आहे. त्या सर्वांस १ जानेवारी १८०१ रोजींच मुक्त करण्यांत आलें.

वांटणीच्या वेळीं भांड्यांवरून होणारा कलह आपल्या घरांस अपरिचित नाहीं. २२ मे १८०२ रोजीं मार्था वारल्या, आणि चार नातवंडांत माणसांची वांटणी झाली. कित्येक घरीं बाप मुक्त होता. बायको एका मळ्यावर गेली, लेकरें दुसऱ्या.