परसबागेचा आराखडा मोरीपासून आखावा

परसबाग हा विषय खेडोपाडी आता नवा राहिलेला नाही. सामुदायिक विकास योजनेस १९५२ साली प्रारंभ झाला, तेव्हापासून या ना त्या स्वरूपात तो गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या कामात चालत आला आहे. अलीकडे २०२० साली ‘उमेद’ अभियानाने बचत गटांच्या द्वारे पोषण परसबागांची मोहीम राज्यभर हाती घेतली. इतके असूनही पावसाळ्यात ज्या घरामागे दोडक्याचा वेल मांडवावर चढलेला दिसतो, त्याच घरामागे चैत्रात वाळलेल्या काटक्या आणि फुटकी मडकी दिसतात. याचे खापर बहुधा गृहिणीच्या अनास्थेवर फोडले जाते. ते न्याय्य नाही. दोष आराखड्याचा आहे, आणि तो आराखडा बियाण्याच्या पाकिटापासून सुरू होतो, हे त्या दोषाचे मूळ आहे.

जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव यादवकालीन मंदिरांसाठी आणि पायऱ्यांच्या प्राचीन बारवेसाठी प्रसिद्ध आहे. बारवेची रचना अशी असते की, पाणी कितीही खोल गेले तरी पायऱ्यांनी त्याच्यापर्यंत उतरता यावे. परंतु भरलेली घागर घेऊन त्याच पायऱ्या पुन्हा चढाव्या लागतात, आणि त्या कोण चढत आले हे सांगावयास नको. आज नळ आले, कूपनलिका आल्या. तरी उन्हाळ्यात पाणी उतरले की घागर पुन्हा त्याच डोक्यावर येते. म्हणून परसबागेची आखणी करताना पहिला प्रश्न ‘काय लावावे’ हा नसून ‘पाणी कोठून येईल व ते कोण आणील’ हा असावयास पाहिजे. डोक्यावरून हंडे आणून जगविलेली परसबाग हे कोणत्याही पोषण कार्यक्रमाचे यश मानू नये. ज्या स्त्रीचा रक्तक्षय दूर व्हावा म्हणून बाग लावावयाची, तिच्याच अंगातील शक्ती त्या बागेत खर्ची पडते.

हा हिशेब अवघड नाही. जल जीवन मिशनने दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले. पाच माणसांच्या घरी ते २७५ लिटर होते. त्यातील निम्मे, म्हणजे सुमारे १३५ लिटर, आंघोळ व भांडी धुऊन मोरीवाटे बाहेर पडते असे धरावे. परभणीच्या मे महिन्यात, पारा ४२ अंशांवर असताना, भाजीच्या एक चौरस मीटर वाफ्यास दिवसाला सुमारे आठ लिटर पाणी लागते. हिवाळ्यात चार लिटरांत भागते. तेव्हा त्याच सांडपाण्यावर हिवाळ्यात सुमारे ३४ चौरस मीटर आणि मे महिन्यात जेमतेम १७ चौरस मीटर जागा भिजेल. तीन मीटर लांब व सव्वा मीटरला थोडा कमी रुंद असा वाफा घेतल्यास हिवाळ्यात नऊ आणि उन्हाळ्यात चार वाफे होतात. पपई, शेवगा व लिंबू यांचा वाटा त्यातूनच काढावयाचा असल्याने उन्हाळ्यात तीन वाफे धरावे. नळ एक दिवसाआड येत असेल तर दोनच धरावे. बाकीचे वाफे फाल्गुनात रिकामे ठेवून त्यांवर पालापाचोळा पसरावा. यात अपयश मानण्याचे कारण नाही.

सांडपाणी सरसकट सोडून चालत नाही. कपडे धुतलेल्या पाण्यातील सोड्याने काळ्या चिकणमातीची घडण बिघडते, ती घट्ट होते व पाणी मुरत नाही. ते पाणी बागेबाहेर काढावे. आंघोळीचे व भांड्यांचे पाणी खडी-वाळूच्या खड्ड्यातून जाऊ द्यावे. त्याच्या तोंडाशी कर्दळ लावावी, पुढे केळी व पपई, नंतर सरीने वांगी, भेंडी व वेलभाज्यांच्या मुळाशी, आणि शेवटी शिजवून खाण्याच्या पालेभाज्यांना. पाणी पानांवर पडता कामा नये. कोथिंबीर, मुळा, कांद्याची पात यांसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांचा वाफा वेगळा ठेवून त्याला धान्य-भाजी धुतलेले पाणी व रांजणातील शिळे पाणी द्यावे. ताजे पाणी भरण्यापूर्वी रांजण उपसून कालचे पाणी अंगणात फेकण्याची रीत घरोघरी आहे. तेवढ्यावर एक लहान वाफा सहज निघतो.

यानंतर जागेचा प्रश्न येतो. जुन्या गावठाणात माळवदाची घरे एकमेकांस खेटून उभी आहेत आणि परस नावालाच उरले आहे. ‘आमच्याकडे जागाच नाही, आखाड्यावर लावतो’ असे घरचा कर्ता पुरुष म्हणतो व तेथे चर्चा संपते. वास्तविक आखाड्यावर वेलभाज्या, शेवगा, हळद व आले उत्तम होतात. विहीर जवळ असते. पण मेथीची जुडी, चार हिरव्या मिरच्या, कोथिंबिरीची काडी यांसाठी कोणी दोन मैल चालत जात नाही. आखाड्यावरची भाजी पाटीने येते, आणि पाटीने आलेली भाजी बाजाराची वाट धरते. ताटात रोज भाजी यावयाची असेल तर दोन-तीन वाफे चुलीपासून हाकेच्या अंतरावर असावयासच हवेत. भिंतीला लागून एक मीटर पट्टा असला तरी चालेल. सात दिवसांच्या सात वाफ्यांचा गोल आराखडा प्रशिक्षणात दाखविला जातो. मोकळ्या जागेत तो शोभतो. अरुंद बोळात मात्र त्याचा हट्ट धरू नये. गावठाणाच्या पांढरीत राख व मातीच्या भिंतींचा ढासळलेला मलबा मिसळलेला असतो, तेथे शेणखत भरपूर घालावे. काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून गादीवाफे वीतभर उंच करावेत. आणि काहीही लावण्यापूर्वी कुंपण हवे. शेळ्या व कोंबड्या आराखडा पाहत नाहीत.

शेतातच भाजी होत होती तेव्हा परसबागेवर इतका भार नव्हता, ही गोष्ट बहुतेक चर्चांत सुटून जाते. ज्वारीच्या पाट्यात अंबाडी, मूग, चवळी, तीळ असे. कपाशीत व ज्वारीत वाळूक आणि शेंदाडाचे वेल पसरत. निंदणीला गेलेल्या बाया ओटीत तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू घेऊन परतत. ही भाजी कोणी पेरली नव्हती, विकत घेतली नव्हती आणि कोणत्याही हिशेबात धरली नव्हती. गेल्या काही दशकांत सोयाबीन सलग शेतभर आले, तणनाशक आले, आणि निंदणीबरोबर ही भाजीही गेली. सोयाबीनने शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्या पैशातून आठवडी बाजारी आलेला बटाटा व कोबी म्हणजे तांदुळजा नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. याचे सर्व कारण पालेभाजीत शोधणे चुकीचे ठरेल, आणि लोहाच्या गोळ्यांची जागा मेथी घेऊ शकत नाही. परंतु शेताने जे टाकले ते परसात उचलून घेतले पाहिजे, एवढे निश्चित. म्हणून तांदुळजा, घोळ, चुका, अंबाडी यांना गावंढळ समजून पाकिटातील भाज्यांच्या मागे बसवू नये. मे महिन्याच्या उन्हात मेथी व पालक टिकत नाहीत. तांदुळजा व राजगिरा टिकतात.

पालेभाजीचे गणित घरी मांडून पाहण्यासारखे आहे. माणशी दररोज १०० ग्रॅम पालेभाजी धरल्यास पाच माणसांना महिन्याला १५ किलो लागते. वर सांगितलेल्या मापाच्या एका वाफ्यात मेथी सुमारे तीन किलो निघते व ती महिन्याभरात तयार होते. म्हणजे पाच वाफे हवेत, आणि ते एकाच दिवशी पेरून उपयोगी नाहीत. दर सहाव्या दिवशी एक वाफा पेरावा. पाचही वाफे एकदम पेरले की एका आठवड्यात सारे घर मेथीला कंटाळते आणि पुढले तीन आठवडे भाजी नसते. परसबागेत सर्वांत जास्त नासाडी याच चुकीने होते. उन्हाळ्यात वाफे दोन-तीनच असल्याने तूट येणार. ती शेवग्याच्या पाल्याने आणि हिवाळ्यात वाळवून ठेवलेल्या मेथीने काही अंशी भरून निघते. शेवग्याचे एक झाड प्रत्येक परसात असावे. जेवताना लिंबू पिळण्याची सवयही मोडू नये, कारण पालेभाजीतील लोह अंगी लागण्यास आंबट रस साहाय्य करतो.

फुले व औषधी झाडे ही बागेची हौस आहे, असे मानून ती यादीच्या शेवटी टाकली जातात, आणि जागा अपुरी पडली की प्रथम वगळली जातात. हे मत तपासून पाहावे. भोपळा, दोडका, कारले, काकडी यांच्या वेलावर नर व मादी फुले वेगवेगळी येतात आणि मधमाशी किंवा दुसरा कीटक आला नाही तर फळ धरत नाही. कोवळे फळ पिवळे पडून गळते. गृहिणी त्याला रोग समजते, कोणी फवारणी सुचवितो, आणि फवारणीने उरल्यासुरल्या माश्याही मरतात. तुळशीच्या मंजिऱ्या माश्यांना बोलावतात. शेपू, कोथिंबीर व बडीशेप यांची चार झाडे फुलावर जाऊ दिली तर त्यांवर येणाऱ्या माश्यांच्या अळ्या मावा खातात. झेंडूच्या मुळांतून स्रवणाऱ्या द्रव्यामुळे सूत्रकृमींना आळा बसतो, आणि टोमॅटोच्या कडेने लावलेल्या झेंडूवर फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग अंडी घालतो. त्यासाठी झेंडूचे रोप टोमॅटोच्या रोपापेक्षा दोन-तीन आठवडे वयाने मोठे हवे, नाहीतर दोन्ही एकाच वेळी फुलत नाहीत. जुलैच्या पूर्वार्धात टाकलेले झेंडूचे बी दसऱ्याच्या सुमारास फुलावर येते. सणाला बाजारातून फुले विकत आणणाऱ्या घराला हा हिशेब सांगावयास कार्यकर्ता लागत नाही. जास्वंद, तगर व मोगरा कुंपणालगत लावावेत; देवपूजेची फुले दारची मिळाली की त्या झाडांना पाणी घालण्यास म्हाताऱ्या माणसांचा हात आपोआप लागतो.

औषधी झाडांपैकी कढीलिंब, पानओवा, गवती चहा, पुदिना, अडुळसा व कोरफड पुरेत. पुदिना मोरीच्या ओलाव्यावर पसरतो, म्हणून तो फुटक्या घमेल्यात लावावा. अडुळसा शेळी खात नाही, कुंपणास उत्तम. मात्र खोकला दोन आठवड्यांहून अधिक राहिल्यास काढ्यावर न थांबता प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्यावी.

आता बियाण्याविषयी. कित्येक ठिकाणी पाकिटे श्रावण उलटल्यावर पोहोचतात. मृगात लावावयाच्या दोडक्याचे बी तेव्हा काय कामाचे? त्यातच ते संकरित असले तर पुढल्या वर्षी पुन्हा पाकिटाची वाट पाहणे आले. परभणीच्या कृषी विद्यापीठाने १९८० च्या दशकात ‘परभणी क्रांती’ ही भेंडी दिली. पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या हळद्या रोगास तोंड देण्यासाठी ती रानभेंडीच्या संकरातून काढली. पण सरळ वाण म्हणून स्थिर केली असल्याने तिचे बी घरी धरता येते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ती घरच्या व शेजारपाजारच्या परसांतील वाल-घेवड्याची आणि इतर देशी बियाणी जपून, वाढवून, वाटल्याबद्दल. प्रत्येक गावात असे बी धरणाऱ्या दोन-तीन म्हाताऱ्या असतात. कार्यकर्त्याने पाकिटे मागविण्यापूर्वी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसावे.

बी धरताना एक दक्षता अवश्य घ्यावी. दुधी भोपळा, दोडका किंवा काकडी कडू लागली तर ती शिजवू नये, रस तर मुळीच पिऊ नये. त्या कडूपणात विषारी द्रव्य असते आणि त्याने माणसे दगावली आहेत. तो वेल उपटून टाकावा व त्याचे बी धरू नये. चांगल्या वेलावरचे मधले, निरोगी फळ खूण बांधून राखावे, वेलावरच पूर्ण पिकू द्यावे, बी सावलीत वाळवून चुलीच्या कोरड्या राखेत घोळून ठेवावे. डब्यावर वाणाबरोबर ते कोणाच्या परसातून आले त्या घराचे नावही लिहावे. पुढल्या मृगात बी उगवले नाही तर कोणाकडे जावयाचे ते माहीत असते.