सिकलसेलचं लेकरू सहलीला का नको?

राज्यातल्या सहा राष्ट्रीय उद्यानांपैकी एकही खान्देशात नाही. पण चाळीसगावपासून वीसेक किलोमीटरवर पाटणादेवीचं जंगल आहे, गौताळा औट्रमघाट अभयारण्याचा भाग. उंच झाडं, सातमाळ्याचे कडे आणि त्याच डोंगरात पितळखोऱ्याची बौद्ध लेणी. पावसाळा सरला की जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांमधून तिकडे गाड्या निघतात. निघाव्यातच. तक्रार एवढीच की घरात सिकलसेलचं मूल असलं तर त्याला आजीजवळ ठेवून जातात.

हा आजार आदिवासी बांधवांत आहे तसा आपल्या समाजातही आहे. अंगातलं पाणी कमी झालं, फार दमणूक झाली किंवा एकदम गारठा लागला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय, पाठ असह्य ठणकते. म्हणजे अडचण जंगलाची नाही, आपण सहल कशी काढतो त्याची आहे. एका दिवसात चार ठिकाणं, भर दुपारी चढ आणि सात जणांत दोन बाटल्या पाणी!

नुसत्या वाहकाला सहसा त्रास नसतो. त्यालाही मागे ठेवणारी घरं आहेत, याला काय म्हणावं?

पितळखोऱ्याच्या विहारात दोन हजार वर्षांपूर्वीचा दानलेख आहे, मगिल नावाच्या राजवैद्याचा. त्याच्या मुलामुलीची नावंही तिथे कोरलेली आहेत. वैद्याचं ते नाव बघायचा पहिला मान आजारी लेकराचाच, असं मला वाटतं.

मात्र पाटणादेवी आणि लेणी एकाच दिवशी जोडू नका. लेण्यांना कन्नडच्या बाजूने गाडीने जा. पायऱ्या उतरल्या की परतताना चढायच्या असतात, तेव्हा ते म्हणेल तिथे सगळ्यांनी बसायचं. तहानेची वाट न बघता थोडं थोडं पाणी द्या, ताक द्या. केदारकुंडात डुंबणं नको. भावंडं डुंबतील, हे रुसेल, तेवढं सोसावं. रोजच्या गोळ्या, स्वेटर आणि दवाखान्याचे कागद बरोबर हवेत. नुकतंच दुखणं येऊन गेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि ताप आला, छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर बाम चोळत बसू नका, सहल तिथेच थांबवून जवळचा सरकारी दवाखाना गाठा.