दारचा कारवानी

अकोले तालुक्यातील एका वाचक भगिनींनी पत्रातून विचारले आहे, की मुलाने लातूरकडून कारवानी जातीचे पिल्लू आणले, ते आता दहा महिन्यांचे झाले. पोटभर खायला घालूनही त्याच्या बरगड्या दिसतात, म्हणून शेजारीपाजारी नावे ठेवतात. मांजर किंवा ससा दिसला, की ते हाक ऐकत नाही. पावसाळ्यात आणि थंडीत कुडकुडते. रात्री अंगणात बांधावे, तर बिबट्याची भीती. असे कुत्रे आमच्या काय कामाचे?

तक्रारी चार असल्या तरी मूळ एकच आहे. आपण या कुत्र्याला राखणीचे गावठी कुत्रे समजून पाळतो आणि त्याच्याकडून तसेच काम मागतो. मुळात ते आहे नजरेने सावज हेरून धावणारे. बैलाकडून घोड्याचे काम मागितले तर दोष बैलाचा नव्हे. म्हणून आधी जात ओळखावी, मग निगा राखावी.

कूळ

मराठवाडा, सोलापूर आणि त्याला लागून असलेल्या कर्नाटकात ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या पाळली जातात. उत्तरेकडून आलेल्या काफिल्यांबरोबर यांचे पूर्वज दख्खनमध्ये आले असे मानतात, त्यावरून कारवान किंवा कारवानी हे नाव पडले. कान, शेपूट आणि पायांवर रेशमासारखे लांब केस असतील, तर त्याला पश्मी म्हणतात. कर्नाटकातील मुधोळ येथील मराठा संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची जोपासना केली, म्हणून तिकडे ती मुधोळ या नावाने ओळखली जातात. भारतीय टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळचेही एक होते.

जगभर या कुळाचे भाऊबंद आहेत. अरबस्तानातील सालुकी आणि इंग्लंडचा ग्रेहाउंड हे मोठे. व्हिपेट लहान, आणि इटालियन ग्रेहाउंड तर जेमतेम चार-पाच किलोचा. शहरातल्या घरांत तो आता दिसतो. आकार लहानमोठा असला, तरी घडण सगळ्यांची सारखीच: लांब तोंड, खोल छाती, आत गेलेले पोट, लांब पाय, पातळ कातडी. पुढे जी निगा सांगितली आहे, ती थोड्याफार फरकाने या सर्वांना लागू पडते.

बरगड्या दिसतात ते

निरोगी कारवान्याच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसतात, कमरेची दोन हाडे किंचित वर येतात. ही उपासमार नव्हे. त्याला लठ्ठ केले, तर त्याच्याच सांध्यांवर भार पडेल. मात्र मणके एकेक मोजता येऊ लागले, मांड्यांचे मांस गेले आणि केसांची चमक उतरली, तर ते खरोखर वाळले आहे असे समजावे. अशा वेळी बहुधा पोटात जंत असतात किंवा आहार निकस असतो.

नुसत्या भाकरी-दुधावर हे कुत्रे पोसत नाही. भाकरी वरणात कुस्करावी, त्यात उकडलेले अंडे किंवा हाडे काढून शिजवलेले मांस घालावे. शिजवलेली हाडे देऊ नयेत. ती फुटून टोकदार होतात आणि आतड्यात रुततात. कांदा, लसूण आणि द्राक्षे कुत्र्याला बाधतात, म्हणून कालवणाचा उरलेला रस्सा वाढू नये. वाढत्या पिल्लाला दिवसातून तीन वेळा आणि मोठ्याला दोन वेळा खायला द्यावे. जेवल्यावर तास-दोन तास धावू देऊ नये. खोल छातीच्या कुत्र्याचे पोट फुगून पीळ पडू शकतो आणि त्यात काही तासांत जीव जातो. पोट ढोलासारखे ताठले आणि ओकारीची नुसती उबळ येऊ लागली, तर घरगुती उपाय करीत न बसता डॉक्टरांकडे न्यावे.

थंडी आणि पाऊस

दुष्काळी, उघड्या माळाचे हे जनावर. अंगावर चरबी नाही, केस आखूड. घाटघर-रतनवाडीकडचा आठवडा आठवडा न थांबणारा पाऊस त्याला सोसत नाही. ओले झाले, की फडक्याने कोरडे करावे. झोपायला जमिनीपासून उंच फळी किंवा जुनी बाज, तिच्यावर भाताचा कोरडा पेंढा आणि वर गोणपाट, एवढे पुरे. कडक थंडीत जुन्या वाकळीचा तुकडा बैलाच्या झुलीसारखा पाठीवर बांधावा. कठीण जमिनीवर झोपून कोपरांना घट्टे पडतात, तेही पेंढ्याने टळतात.

कातडी पातळ असल्याने काटेरी तारेने ती चर्रकन फाटते. भरधाव कुत्र्याला तार दिसत नाही आणि बिनकठड्याची विहीरही दिसत नाही. कुत्रे मोकळे सोडण्याआधी या दोन्ही जागा कुठे आहेत ते पाहावे. गोचीड रोज पाहावेत, विशेषतः कानात आणि बोटांच्या बेचक्यांत. गुरांच्या अंगावर मारण्याचे औषध अंदाजाने कुत्र्याला लावू नये.

हाक का ऐकत नाही

वासावर चालणारे कुत्रे नाक जमिनीला लावून सावकाश माग काढते. हे नजरेवर चालते. सावज हलले, की त्याचे सारे ध्यान डोळ्यांत गोळा होते, आणि मग हाक कानावर पडूनही आत पोचत नाही. त्याला हट्टी म्हणू नये. धावायला लागल्यावर ओरडण्यापेक्षा, कान टवकारून नजर स्थिर झाली त्याच क्षणी बोलवावे. पिल्लूपणापासून एकच शब्द ठरवावा आणि आले की दर वेळी हातावर काहीतरी ठेवावे. उशिरा परत आले म्हणून मारू नये. पळाल्याबद्दल मार मिळाला हे त्याला कळत नाही, जवळ आल्याबद्दल मिळाला एवढेच कळते. मग ते कायमचे दूर राहते. कोंबड्या, शेळ्या आणि करडे यांची ओळख पिल्लू लहान असतानाच, गळ्यात दोरी ठेवून करून द्यावी.

याची मान डोक्याहून फारशी बारीक नसते, साधा पट्टा चटकन निसटतो. दोन-तीन बोटे रुंद, मऊ चामड्याचा पट्टा घ्यावा. लांब साखळीला बांधू नये. साखळी लांब असली, की कुत्रे पुरा वेग घेते आणि शेवटी मानेला झटका बसतो. रोज सकाळ-संध्याकाळ कुंपण असलेल्या शेतात पळवून आणले, की दिवसभर ते शांत पडून राहते.

सशाच्या शिकारीला मात्र याला नेऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. आपल्या तालुक्यात तर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. तिथे मोकळे कुत्रे जाणे म्हणजे वन्यप्राण्यांमागे धाव आणि रोगराईची देवाणघेवाण. २०१८ साली गीरच्या सिंहांत मृत्यू झाले, तेव्हा तपासणीत काही सिंहांना कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या डिस्टेंपर या रोगाची लागण झालेली निघाली.

टोचणी

डिस्टेंपर आणि पार्वो या रोगांची लस पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर सुरू करावी आणि डॉक्टर सांगतील तशी पुढे द्यावी. पिसाळ रोगाची लस तिसऱ्या महिन्यानंतर, आणि मग दर वर्षी न चुकता. जंताचे औषधही वेळेवर. कुत्रे कोणाला चावले, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. मिरची, चुना काही भरू नये. लगेच दवाखाना गाठावा. शस्त्रक्रियेची वेळ आली, तर हे कारवानी जातीचे आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. भुलीच्या थायोपेंटालसारख्या औषधातून या कुळाची कुत्री फार उशिरा शुद्धीवर येतात.

रात्र

आता सर्वांत महत्त्वाचे. अकोल्याच्या परिसरात विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासून तो काय खातो हे पाहिले. तो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला, आणि त्यात एकट्या कुत्र्याचा ३९ टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी त्यांचा वाटा ११ टक्केच होता. याचे कारण घरोघरच्या बायाबापड्यांना ठाऊक आहे. शेळी रात्री घरात किंवा दार लावलेल्या गोठ्यात असते, कुत्रे बाहेर असते.

अंगणात साखळीने बांधलेले कुत्रे बिबट्याला रोखत नाही, उलट त्याला दारापर्यंत आणते. बांधलेल्याला पळताही येत नाही आणि पातळ अंगाच्या कारवान्याला झुंजताही येत नाही. त्याचे सारे बळ पायांत. म्हणून दिवेलागणीला शेळ्या आत घेतो, तसेच कुत्रेही आत घ्यावे. पडवीला दार नसेल, तर घरात घ्यावे. परसात उष्टे-खरकटे आणि मेलेल्या कोंबड्या टाकू नयेत, कारण त्यांवर भटकी कुत्री जमतात आणि त्यांच्या मागे बिबट्या येतो.

तेव्हा, भगिनी, आपले कुत्रे निकामी नाही आणि उपाशीही नाही. परक्याची चाहूल त्याला लागते, घरच्यांवर त्याचा जीव असतो आणि मुलांबरोबर ते शेतात धावते. त्याच्याकडून बिबट्याशी टक्कर मात्र मागू नका. आणि जे बंधू आता असे पिल्लू आणण्याच्या विचारात असतील, त्यांनी आधी घर पाहावे. रात्री आत घ्यायला जागा असेल आणि सकाळी पळवायला वेळ असेल, तरच आणावे.