राष्ट्रपती थेट निवडायचे? आधी आपल्या प्रतिनिधीचा हिशेब मागा!



फेब्रुवारी 2025 मध्ये रायपूरकरांनी आपला महापौर पुन्हा थेट मतदानाने निवडला. 2019 साली राज्य सरकारने हा हक्क मतदारांकडून काढून नगरसेवकांच्या हाती दिला होता. तो परत मिळाला, याचे आम्ही स्वागतच करतो. पण त्याबरोबर टपाल कचेरीत आणि स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीवर एक प्रश्न कानावर येऊ लागला : "महापौर आपण निवडतो, मग राष्ट्रपती का नाही? हे आमदार-खासदार कोण लागून गेले?" प्रश्न रास्त आहे. मागणी मात्र चुकीची आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

महापौराच्या हाती नळ, गटारे, साफसफाई यांचा कारभार असतो. ज्याच्या हाती कारभार, त्याला मतदाराने थेट जाब विचारावा. राष्ट्रपतींनी मात्र मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालायचे असते. कोट्यवधी मते घेऊन आलेला राष्ट्रपती असा सल्ला ऐकत बसेल काय? "तुम्हाला एका मतदारसंघाने निवडले, मला साऱ्या देशाने," असे तो खासदारांना सुनावील. सत्ता एका माणसाच्या मुठीत गेली की पहिला घाव संघटनांवरच पडतो. आणि देशभर प्रचार करायला पैसा कोण देणार? ट्रॅकमन की पोस्टमन? थैलीशहाच देणार!

आजच्या पद्धतीत सामान्य माणसाला किंमत नाही, हा आक्षेपही तपासून पाहू. राज्याच्या लोकसंख्येला निवडून आलेल्या आमदारांच्या संख्येने आणि मग हजाराने भागले की एका आमदाराच्या मताचे मूल्य निघते. छत्तीसगडात ते 129, महाराष्ट्रात 175, उत्तर प्रदेशात 208, तर सिक्कीममध्ये 7. म्हणजे येथे आमदाराच्या पाठीमागची माणसे मोजली जातात. 2022 साली सर्व आमदारांच्या मतांचे मूल्य 5,43,231 आणि सर्व खासदारांच्या मतांचे 5,43,200 होते. राज्ये आणि दिल्ली यांचे पारडे असे समान ठेवलेले आहे.

दोष नाहीत असे आम्ही म्हणत नाही. लोकसंख्या धरतात ती 1971 ची. उमेदवारीला 50 सूचक आणि 50 अनुमोदक लागतात, तेही आमदार-खासदारच. त्यामुळे पक्षांच्या बंद खोलीत ठरेल तोच उमेदवार. शिवाय मतदान गुप्त. आपल्या आमदाराने कुणाला मत दिले ते आपल्याला कधीच कळत नाही.

पण अनुभव काय सांगतो? रायपूर एकेकाळी ज्या बंगाल नागपूर रेल्वेवर होते, त्याच रेल्वेच्या कामगारांची संघटना बांधणारे व्ही. व्ही. गिरी 1969 साली अपक्ष उभे राहिले. नीलम संजीव रेड्डी आणि आपले सी. डी. देशमुख रिंगणात असताना, दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर ते राष्ट्रपती झाले. कामगारांचा माणूस राष्ट्रपती भवनात गेला! तरीही मे 1974 चा रेल्वे संप चिरडला गेला, तेव्हा राष्ट्रपती गिरीच होते. माणूस आपला असला तरी संपाचा निकाल त्या भवनात लागत नाही, हा तो धडा.

दुसरी बाजूही पाहा. नागरिकांची पत्रे अडवण्याचे वाढीव अधिकार सरकारला देणारे टपाल दुरुस्ती विधेयक 1986 साली संसदेने मंजूर केले. राष्ट्रपती झैल सिंग यांनी त्यावर सही केलीच नाही. पुढे 2002 साली ते मागे घेण्यात आले. आमदार-खासदारांनी निवडलेला राष्ट्रपती सरकारपुढे ताठ उभा राहू शकतो, हे टपाल कामगारांनी तरी विसरू नये.

तेव्हा दुखणे पद्धतीत कमी आणि खालच्या पायरीवर जास्त आहे. निवडून दिलेला प्रतिनिधी पाच वर्षे तोंड दाखवीत नसेल, तर त्याचे राष्ट्रपतिपदाचे मतही आपले उरत नाही.

आता जरा स्वतःच्या घरात डोकावू. डिसेंबर 2024 मध्ये रेल्वे कामगारांनी मान्यताप्राप्त संघटना थेट गुप्त मतदानाने ठरवली. संघटनेचे पदाधिकारी मात्र अधिवेशनातले प्रतिनिधी निवडतात. मग शाखेच्या सभेला आपण किती जण जातो? अधिवेशनाहून परतलेल्या प्रतिनिधीला, "कोणत्या ठरावाला हात वर केलास?" असे किती जण विचारतो? आपण विचारत नाही, म्हणून त्याचे फावते. मग दिल्लीला बोल लावण्याचा अधिकार आपल्याला कुठून येणार?

म्हणून आमचे सांगणे असे : शाखेची सभा चुकवू नका. प्रतिनिधीला जाण्याआधी शाखेचे मत बांधून द्या आणि परत आल्यावर त्याच्याकडून हिशेब घ्या. आमदार-खासदार मते मागायला वसाहतीत येतील, तेव्हा त्यांनाही हाच सवाल करा. पायरी मजबूत असेल तर कळस आपोआप नीट राहील.

कामगार एकजुटीचा विजय असो!